बाबांना अटॅकनंतर ‘एक्सोझोम’ची सलाईन द्यायची म्हणतायत, कोणाला माहिती आहे का?

तारामुंबरी_कलमवाला:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे पण सगळं लिहितो म्हणजे तुम्हाला नीट सांगता येईल. माझे बाबा, वय ६३, देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत, आयुष्यभर झाडावर चढलेला माणूस, बिडी-तंबाखू नाही, शुगर मात्र आहे. मोहोराच्या फवारणीच्या दिवसांत सकाळी पाइप ओढताना छाती जड झाली, जबडा दुखायला लागला, दरदरून घाम, पण घरी येऊन म्हणाले पित्त झालंय, आईने ओवा दिला, सोडा दिला, त्यातच दीड-दोन तास गेले. मग शेजारच्या दादाने रिक्षात घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे ईसीजी काढून लगेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि १०८ ने करूळ घाटातून कोल्हापूरला. अँजिओग्राफीत कळलं की एलएडी म्हणजे हृदयाच्या पुढची मोठी रक्तवाहिनी बंद होती, एक स्टेंट टाकला. जीव वाचला, दोन्हीकडच्या डॉक्टरांचे उपकार आहेत.

आता दोन महिने होत आलेत. डिस्चार्जच्या वेळी इको केला त्यात ईएफ, म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं तो आकडा, ३२ टक्के आला. बाबा घरात फिरतात पण आमच्या घाटीच्या पायऱ्या चढून रस्त्यापर्यंत आले की धाप लागते आणि मग तिथल्या पारावर बसून राहतात, कोणाला सांगत नाहीत. ते बघवत नाही म्हणून आम्ही सगळीकडे विचारत होतो, तर मुंबईच्या आत्येभावाने एका क्लिनिकचं माहितीपत्रक पाठवलं. त्यात लिहिलंय की नाळेतल्या स्टेम सेलपासून काढलेले एक्सोझोम सलाईनमधून शिरेत देतात, तीन वेळा, आणि अटॅकमध्ये मेलेला हृदयाचा स्नायू परत तयार होतो, पेशी नसल्यामुळे साइड इफेक्ट काहीच नाही. खर्च काही लाखांत आहे. भाऊ म्हणतो वरचा कलमांचा तुकडा पाच वर्षं कराराने देऊन पैसे उचलू. मी नाही म्हटलं तर उद्या बाबांना काही झालं तर आयुष्यभर मनात राहील, हो म्हटलं तर आई काय खाणार. म्हणून विचारतोय, हे एक्सोझोम म्हणजे नक्की काय, खरंच काम करतं का, आणि आपल्याकडे याला परवानगी आहे का?


कुडाळ_मेडिकल:

दादा, आधी एक करा, पैसे भरू नका आणि कागदावर सह्या करू नका, बुकिंगसाठी थोडे तरी पाठवा म्हणतील तेही नको. माझं औषधांचं दुकान आहे, असली माहितीपत्रकं घेऊन लोक येतात, कधी गुडघ्यासाठी, कधी शुगरसाठी, कधी केस उगवायला, औषध एकच आणि आजार दहा. हृदयाचं मला नीट सांगता येणार नाही पण इथे एक-दोन जाणकार आहेत ते सांगतील. बाबांच्या गोळ्यांची नावं मात्र इथे टाका, प्रत्येक गोळी आणि मिलिग्रॅमसकट.


तारामुंबरी_कलमवाला:

गोळ्या अशा आहेत, इकोस्प्रिन ७५, टिकाग्रेलॉर ९० दोन वेळा, ॲटोर्वास्टॅटिन ८० रात्री, मेटोप्रोलॉल २५, रामिप्रिल २.५, आणि शुगरची मेटफॉर्मिन. बस एवढंच.


पालशेतची_लेक:

मी मूळची गुहागरकडची, पुण्यात पेशीजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. माझा विषय हृदय नाही पण व्हेसिकल्स म्हणजे पेशींनी सोडलेल्या बारीक पिशव्या वेगळ्या करणं हे आमचं रोजचं काम आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, बाबांच्या तब्येतीचं डॉक्टरांनी सांगावं.

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी चरबीच्या दुहेरी पडद्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडत असते. त्यातल्या सगळ्यात लहान, पेशीच्या आत तयार होऊन बाहेर पडणाऱ्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या, त्यांना एक्सोझोम म्हणतात, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग धरा. १९८३ साली मेंढीच्या आणि उंदराच्या अर्धवट वाढलेल्या लाल रक्तपेशींत या पहिल्यांदा नीट दिसल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं की पेशी नको असलेला माल बाहेर टाकतेय, बाकी काही नाही. मग २००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या गटाने दाखवलं की या पिशव्यांत आरएनए म्हणजे पेशीला काय बनवायचं ते सांगणारा रेणू असतो आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन तिथे कामही करतो. आपण नाही का एसटीच्या ड्रायव्हरकडे मुंबईच्या माणसासाठी पार्सल देतो, गाडी कोणाची का असेना पार्सल उघडणाऱ्याला आतला निरोप मिळतो, तसं. तिथून सगळा विषयच बदलला.

आता हृदयाशी याचा संबंध कसा आला ते सांगते, कारण क्लिनिकवाले नेमकं हेच गाळतात. मोठ्या अटॅकमध्ये डाव्या कप्प्यातल्या अब्जभर स्नायूपेशी मरू शकतात आणि मोठ्या माणसाचं हृदय त्या भरून काढू शकत नाही. २००९ मध्ये स्वीडनच्याच शास्त्रज्ञांनी एक विलक्षण काम केलं, १९५०-६० च्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ माणसांच्या हृदयपेशींच्या डीएनएत किती उतरलाय ते मोजून त्यांनी पेशींचं वय काढलं, आणि निघालं की पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. म्हणजे होतात, पण अब्जभर पेशी गेल्यावर त्या वेगाने काय होणार. झेब्राफिश म्हणून बोटाच्या पेराएवढा मासा असतो, मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा, त्याच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत परत येतो. आपल्याला ते जमत नाही, आपल्याकडे तिथे व्रणाची टणक पट्टी तयार होते जी आकुंचन पावत नाही.

म्हणून २००० नंतर जगभर अटॅकच्या पेशंटच्या हृदयात स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी होऊ शकतात अशा पेशी, सोडायचे प्रयोग झाले. आशा प्रचंड होती. पण सोडलेल्या पेशी तिथे टिकतच नव्हत्या, थोड्याच दिवसांत बहुतेक नाहीशा व्हायच्या, तरी प्राण्यांमध्ये थोडा फायदा दिसायचा. पेशी राहिली नाही तर फायदा कशाने? मग २००५ च्या सुमारास असं दिसलं की स्टेम सेल ज्या द्रवात वाढवल्या तो नुसता द्रव दिला तरी उंदरांचं हृदय वाचतं, आणि २०१० मध्ये सिंगापूरच्या लिम साई कियांग यांच्या गटाने त्या द्रवातून एक्सोझोम वेगळे करून उंदरांना दिले तेव्हा मेलेला भाग कमी झाला. लॉस एंजेलिसच्या एदुआर्दो मार्बान यांच्या गटाने हृदयातून काढलेल्या पेशींच्या एक्सोझोमवर पुढे बरंच काम केलं, त्यातल्या मायक्रो आरएनए-१४६ए सारख्या रेणूंचा हात आहे असं दाखवलं.

म्हणजे विषय खोटा नाही, मला तर तो फार सुंदर वाटतो. पण दादा, ‘मेलेला स्नायू परत तयार होतो’ हे वाक्य वेगळं आहे. या पिशव्या प्राण्यांमध्ये जे करतात ते मुख्यतः वाचवायचं काम, मरणाच्या दारात असलेल्या पेशी तगवणं, सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशींना शांत करणं, बारीक रक्तवाहिन्या वाढायला मदत, व्रण थोडा लहान ठेवणं. माणसाच्या मेलेल्या हृदयस्नायूच्या जागी सलाईनमधून नवा स्नायू उगवला असं कोणीही दाखवलेलं नाही.

आणि वेळ बघा. सिंगापूरच्या प्रयोगात एक्सोझोम कधी दिले, तर बंद केलेली रक्तवाहिनी उघडायच्या सुमारास. कारण रक्त परत सुरू होतं त्या मिनिटांतच ऑक्सिजनचे विखारी कण आणि कॅल्शियमचा लोंढा येऊन उरलेल्या पेशी मरतात, त्याला रिपर्फ्यूजन इंज्युरी म्हणतात, आणि वाचवण्यासारखं तेव्हाच सगळ्यात जास्त असतं. बाबांना दोन महिने झालेत. तो भाग आता व्रण झालाय.

उशिरा देऊन काहीच होत नाही असंही मी म्हणणार नाही, कारण मार्बान यांच्याच गटाने २०१७ मध्ये डुकरांवरचं काम छापलं त्यात अटॅकनंतर महिन्याभराने दिलेल्या एक्सोझोमनेही फायदा दिसला. पण कसे दिले ते महत्त्वाचं, थेट हृदयाच्या स्नायूत सुई टोचून. त्याच कामात ताज्या अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीतून सोडून बघितले तर उपयोग झाला नाही, स्नायूत टोचले तेव्हा झाला. आणि तुमच्या बाबांना हातातल्या शिरेतून देणार! शिरेतून गेलेल्या व्हेसिकल्स बहुतेक यकृत, प्लीहा आणि फुप्फुसात अडकतात, तेही लवकर. हृदयापर्यंत किती पोचणार? हा प्रश्न त्यांना विचारा, मला उत्तर ऐकायला आवडेल.


तारामुंबरी_कलमवाला:

ताई, एवढं समजावून कोणी सांगितलं नव्हतं. तुमची पोस्ट भावाला वाचून दाखवली. तो म्हणतो की शास्त्रज्ञ नेहमी वीस वर्षं मागे असतात आणि क्लिनिकवाले पुढे असतात, आणि त्या माहितीपत्रकात ‘अमेरिकन एफडीए रजिस्टर्ड लॅब’ असं लिहिलंय. शिवाय पेशीच नाहीत तर धोका कसला, हे त्याला पटतंय. यावर काय सांगू?


पालशेतची_लेक:

एफडीए म्हणजे औषधांना मंजुरी देणारी अमेरिकेची सरकारी संस्था, तिच्याकडे लॅबची नोंदणी असणं आणि औषधाला मंजुरी असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेच्या एफडीएने एकही एक्सोझोमचं औषध मंजूर केलेलं नाही. उलट डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी लोकांसाठी जाहीर इशारा काढला होता कारण नेब्रास्का राज्यात अशी उत्पादनं घेतलेल्या काही पेशंटना गंभीर त्रास झाला होता. भावाला एवढं सांगा.

‘पेशी नाहीत म्हणून धोका नाही’ हे अर्धंच खरं. पेशी नसल्याने त्या वाढून गाठ होईल ही भीती नाही, गोठवून ठेवता येतात, हे फायदे खरे आहेत आणि म्हणूनच संशोधक यामागे आहेत. पण बाटलीत काय आहे हे कोण सांगणार? आम्ही लॅबमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोर लावत गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये किंवा गाळण्यांतून व्हेसिकल्स वेगळ्या करतो आणि तरी त्यात प्रथिनांचे गठ्ठे, चरबीचे कण मिसळून येतात. कुठल्या बाळाच्या नाळेतली पेशी, किती वेळा वाढवलेली, कुठल्या द्रवात, त्यावर पिशवीतला माल बदलतो. एक डोस म्हणजे किती कण हेसुद्धा अजून सगळ्यांनी मिळून ठरवलेलं नाही. तोच द्रव नीट निर्जंतुक केला नसेल तर तो जंतूंसकट शिरेत जाणार, आणि तेही ईएफ ३२ च्या माणसाच्या.

हृदयाच्या स्टेम सेलचा विषय आधीच एकदा भयंकर पोळलाय. हृदयात ‘सी-किट’ नावाच्या स्टेम सेल असतात आणि त्यांच्यापासून नवा स्नायू होतो असं पिएरो ॲनव्हर्सा यांनी वर्षानुवर्षं छापलं, त्यावर माणसांवर प्रयोग झाले, आणि २०१८ मध्ये हार्वर्डने स्वतःच त्यांचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं कळवलं कारण त्यातला डेटा बनावट किंवा फेरफार केलेला होता. किती पेशंटनी, किती तरुण संशोधकांनी त्यावर वर्षं घालवली. मला त्याचा आजही राग येतो. ‘पुढे असणं’ म्हणजे काय ते त्यातून दिसतं.


वाशिष्ठीकाठ:

मी एमडी फिजिशियन, चिपळूण भागात प्रॅक्टिस करतो. ताईंनी शास्त्र इतकं छान सांगितलंय की त्यात भर नको, मी कायदा आणि बाबा या दोन गोष्टींवर लिहितो.

कायदा थोडक्यात. आपल्याकडे २०१९ च्या नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलच्या (म्हणजे माणसांवर औषध तपासायच्या प्रयोगांच्या) नियमांत स्टेम सेलपासून बनवलेलं कुठलंही उत्पादन हे कायम ‘नवीन औषध’च धरलंय, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकांच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा नेहमीचा उपचार म्हणून वापर फक्त रक्ताच्या ठरावीक आजारांत बोनमॅरो ट्रान्सप्लांटसारख्या पद्धतीने, बाकी सगळं ट्रायलमध्येच. आणि ट्रायल असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत चढलेली असते, कोणालाही मोबाइलवर बघता येते, तिला नंबर असतो, एथिक्स कमिटी असते, आणि मुख्य म्हणजे प्रायोगिक औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, उलट काही अपाय झाला तर भरपाई द्यावी लागते. तेव्हा भावाने फोन करून एवढंच विचारावं, सीटीआरआय नंबर सांगा आणि ट्रायल असेल तर पैसे कशाचे. वाद घालू नका, फक्त विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

आता बाबा. मला तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त काय खटकलं तर गोळ्यांची यादी. मी पेशंट तपासलेला नाही त्यामुळे डोस सांगणार नाही, पण ईएफ ४० च्या खाली असलेल्या हृदयासाठी आज चार प्रकारची औषधं एकत्र वापरतात. एक बीटा ब्लॉकर, म्हणजे तुमचं मेटोप्रोलॉल, तो आहे पण अगदी सुरुवातीच्या डोसवर. दुसरं रामिप्रिल किंवा त्याऐवजी सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, रामिप्रिल आहे तेही सुरुवातीचंच. तिसरं स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, ते यादीत नाही. चौथं डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, मुळात शुगरचं औषध, तुमच्या बाबांना शुगर आहेच, तेही नाही. कदाचित बीपी कमी असेल, क्रिएटिनिन किंवा पोटॅशियम जास्त असेल म्हणून मुद्दाम दिली नसतील, कदाचित पुढच्या भेटीत वाढवायची असतील आणि ती भेट झालीच नसेल. गेलात का परत कोल्हापूरला? ही औषधं दर एक-दोन आठवड्यांनी बीपी आणि रक्त तपासून वाढवायची असतात, डिस्चार्जच्या दिवशीचा कागद म्हणजे सुरुवात असते. या चारही औषधांच्या मागे हजारो पेशंटवरच्या ट्रायल आहेत, मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालंय, आणि यातली बरीचशी आता जेनेरिकमध्ये मिळतात. लाखो रुपयांच्या सलाईनची चौकशी चाललीय आणि इकडे महिन्याला काहीशे रुपयांच्या गोळ्या लागू झालेल्या नाहीत, हे बघून मला राहवलं नाही म्हणून एवढं लिहितोय.

दुसरं, ३२ हा आकडा अटॅकच्या लगेच नंतरचा आहे. तेव्हा हृदयाचा काही भाग मेलेला असतो आणि काही भाग नुसता बधिर झालेला, त्याला स्टनिंग म्हणतात, तो काही आठवड्यांत आपोआप जागा होतो. म्हणून इको परत करायचा, साधारण स्टेंटनंतर तीन महिन्यांनी, औषधं पूर्ण डोसवर नेऊन. तोपर्यंत ईएफ ३५ च्या वर गेला तर फार बरं. नाही गेला तर अचानक ठोके बिघडून मृत्यू येऊ नये म्हणून आयसीडी नावाचं यंत्र बसवायचा विचार होतो, तेही तुमच्या डॉक्टरांशी बोलून. क्लिनिकवाले नेमके या तीन महिन्यांच्या आत सलाईन देतात आणि ईएफ वाढला की श्रेय घेतात, वाढला असता तो तसाही. म्हणून तर तुलनेला ते औषध न दिलेला दुसरा गट लागतो.

तुलनेचा गट म्हटल्यावर आपल्या कोकणातलंच उदाहरण सांगतो. लाल विंचू चावून माणसं दगावायची, हृदय कमजोर पडून फुप्फुसात पाणी भरायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी पेशंटशेजारी बसून ते टिपलं, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लक्षणं छापली, मग प्राझोसिन हे बीपीचं स्वस्त औषध वापरून मृत्यू खूप खाली आणले. आणि तिथेच थांबले नाहीत, विंचवाच्या विषावरचं प्रतिविष प्राझोसिनबरोबर दिलं तर जास्त फायदा होतो का हे बघायला महाडमध्येच ७० पेशंटची रँडमाइज्ड, म्हणजे कोण कुठल्या गटात ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेली, ट्रायल करून २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. तालुक्याच्या गावात हे होऊ शकतं. मग लाखो रुपये घेणाऱ्या क्लिनिककडे एक छापलेली ट्रायल मागायला लाजायचं कशाला?


कणकवली_ते_ठाणे:

सगळ्यांचं वाचलं, पटतंय, पण मला थोडं वेगळं वाटतं. तुम्ही दोघांनी मिळून त्या माणसाची सगळी आशाच काढून घेतलीत. माझ्या काकांचा ईएफ २० होता, सगळ्या गोळ्या चालू असूनही शेवटी गेले, तेव्हा ‘सिद्ध झालेलं’ औषध असतं तरी माणसं जातात हे मी बघितलंय. परदेशात शिरेतून एक्सोझोम देऊन माणसांवर प्रयोग सुरू आहेत असं मी वाचलंय, फ्रान्समध्ये. मग शिरेतून काही होतच नाही असं कसं म्हणता? आणि ज्याच्याकडे वेळ नाही त्याने वीस वर्षं थांबायचं का?


पालशेतची_लेक:

तुमच्या काकांचं ऐकून वाईट वाटलं, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. हो, पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे यांच्या गटाने ते सुरू केलंय. हे मेनाशे म्हणजे तेच सर्जन ज्यांनी आधी भ्रूणातल्या स्टेम सेलपासून बनवलेल्या हृदयपेशी पेशंटच्या हृदयावर लावून बघितल्या, आणि मग त्यांच्याच गटाला उंदरांत दिसलं की त्या पेशींच्या व्हेसिकल्स दिल्या तरी तेवढाच परिणाम होतो, म्हणून पेशी सोडून व्हेसिकल्सकडे वळले. शिरेतून देण्यामागे त्यांचा विचार असा आहे की व्हेसिकल्स हृदयापर्यंत फार पोचल्या नाहीत तरी प्लीहेतल्या वगैरे रोगप्रतिकार पेशींवर काम करून सूज कमी करतील. हा विचार चांगला आहे, मी मघाशी यकृत-प्लीहेत अडकतात म्हटलं ते त्यांनाही माहीत आहे आणि त्याचाच उपयोग करता येतो का ते बघतायत.

पण ती ट्रायल कशी आहे बघा. अगदी मोजके पेशंट, पहिला प्रश्न सुरक्षित आहे का हाच, पेशंट रक्तवाहिनी बंद पडून अटॅक आलेले नाहीत तर स्नायूच सैल पडलेले म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपथीचे, आणि व्हेसिकल्स ज्या पेशींच्या त्या हृदयपेशी होण्याच्या वाटेवरच्या, औषध बनवायच्या दर्जाच्या लॅबमध्ये वाढवलेल्या. तुमच्या क्लिनिकच्या नाळेतल्या पेशींशी त्याचं नाव सोडून काही जुळत नाही. तिथून फायदा सिद्ध व्हायला अजून मोठ्या ट्रायल लागतील. हाडातल्या मगजाच्या पेशींची युरोपातली बामी नावाची ट्रायल आठवते, ३००० पेशंट घ्यायचे होते, मिळाले ३७५, आणि २०२० मध्ये निकाल आला तेव्हा मृत्यू कमी होतात असं काही म्हणता आलं नाही. इतकी वर्षं, इतके देश, इतके पैसे, आणि शेवटी उत्तर अर्धवट. त्या मानाने एका माहितीपत्रकाची हमी किती धरायची?

आशा मला पण आहे. मला वाटतं याचा खरा उपयोग होईल तो अटॅकच्या पहिल्या काही तासांत, रक्तवाहिनी उघडताना बरोबर देऊन. आणि तसं झालं तर आपल्याकडे त्याचा फायदा फार मोठा, कारण आपली माणसं घाट उतरून-चढून कॅथलॅबला, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंट करतात तिथे, पोचेपर्यंत तास जातात, गोठवून किंवा पावडर करून ठेवलेलं काही तालुक्याच्या दवाखान्यात गुठळीच्या इंजेक्शनबरोबर देता आलं तर किती स्नायू वाचेल. मी हे काम करते त्यामागे हे कुठेतरी आहे. पण ते आज नाहीये.


झारापचो_आजो:

मी झारापचो. माका अटॅक येवन बरीच वर्सां झाली, ईएफ माझो पण कमीच होतो. लांब लिवक जमत नाय, एकच सांगतंय. बापाशीचा मीठ बघ. मीठ म्हणजे ताटात वरसून घेतत ता नाय, सुक्या बांगड्यातला, सुकटीतला, सोड्यातला, आमच्या घरच्या लोणच्यातला, पापडातला. पावसात आमच्या जेवणात तेच असता. माका डॉक्टरान सांगल्यान तेव्हा माजा पयला बोलणा ह्याच होता की मगे खाव काय, पण ताजी मासळी गावता तेव्हा ताजी, नायतर कुळथाची पिठी, भाजी, आणि माजी धाप निम्म्यान कमी झाली. गोळयेनी चक्कर इली तर डॉक्टराक फोन करूचो, आपल्या मनान बंद करुची नाय. आणि पारार बसून रवता म्हणतंस ना, तेका सांग बसल्यार लाज नाय, बस आणि परत चल.


वाशिष्ठीकाठ:

आजोबांनी लाखमोलाचं सांगितलं. सुकी मासळी हा आमच्या भागात हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी खरोखर मोठा मुद्दा आहे, पावसाळ्यात श्वास लागून ॲडमिट होणाऱ्यांना मी पहिला प्रश्न तोच विचारतो. चालण्याचंही बरोबर. अटॅकनंतर हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे, कार्डियाक रिहॅब म्हणतात, मोठ्या हॉस्पिटलात त्याची सोय असते आणि नसेल तर डॉक्टरांना विचारून घराच्या सपाट अंगणात सुरू करता येतं, बोलता बोलता चालता यावं इतपत वेग, छातीत दुखलं किंवा डोळ्यापुढे अंधारी आली तर थांबायचं. घाटीच्या पायऱ्या सध्या बेताने.


तारामुंबरी_कलमवाला:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री भाऊ आणि मी बसून पूर्ण धागा वाचला, आईलाही ऐकवला. आज सकाळी भावाने स्वतः क्लिनिकला फोन करून सीटीआरआय नंबर विचारला. तिकडून सांगितलं की ही ट्रायल नाही, ‘ॲडव्हान्स्ड थेरपी’ आहे, नंबर वगैरे लागत नाही, आणि या आठवड्यात बुकिंग केलं तर सवलत मिळेल. भावाने फोन ठेवला आणि काही न बोलता बागेत गेला. कराराचं आता तो काढत नाही.

कोल्हापूरची पुढची तारीख खरंच चुकली होती, आंबा काढणी सुरू झाली आणि बाबाच म्हणाले नंतर जाऊ. आता परवाची वेळ घेतलीय, गोळ्यांची यादी, डॉक्टरांनी लिहिलेली चार औषधांची नावं आणि परत इको कधी करायचा हे सगळं कागदावर लिहून नेतोय. तिसरं आणि चौथं औषध का नाही ते विचारणार, भांडायला नाही, समजून घ्यायला. आयसीडीचंही विचारेन. एक राहिलं, पायांना थोडी सूज दिसते संध्याकाळी, बोटाने दाबलं की खळगा राहतो. याला आत्ताच काही करायला हवं का, परवापर्यंत थांबलं तर चालेल?


वाशिष्ठीकाठ:

सूज, खळगा आणि धाप एकत्र आहेत म्हणजे अंगात पाणी साठतंय असं समजा. झोपल्यावर श्वास लागून उठून बसावं लागतंय का, रात्री खोकला येतो का, लघवी कमी झालीय का, हे आज विचारा. यातलं काहीही असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर परवापर्यंत थांबू नका, आजच जवळच्या दवाखान्यात दाखवा, छातीत दुखलं तर सरळ १०८. काहीच नसेल तरी कोल्हापूरच्या डॉक्टरांना आज फोन करून सुजेचं सांगा, लघवीची गोळी सुरू करायची का ते ठरवतील, तुम्ही मेडिकलमधून आणून देऊ नका कारण पोटॅशियम आणि किडनी बघावी लागते. दुखण्यावरच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक वगैरे, अजिबात नको, त्याने पाणी जास्त साठतं. आणि उद्यापासून रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं वजन नसतं, त्याच दिवशी फोन करायचा.


तारामुंबरी_कलमवाला:

विचारलं, रात्री दोन उशा लागतात म्हणाले, गेल्या आठवड्यापासून. आम्हाला सांगितलंच नव्हतं. निघतोय आत्ता त्यांना घेऊन तालुक्याला, वजनकाटा येताना आणतो.